शीळफाट्याचा धूर आणि उल्हासचा पूर

मुंब्र्याहून पनवेलकडे जाताना वाटेत शीळ हे गाव लागते. कल्याणचा आणि महाप्याचा रस्ता तेथेच येऊन मिळतो, म्हणून त्या ठिकाणास शीळफाटा म्हणतात. अहोरात्र तेथून मालमोटारींची रीघ चालू असते.

मोटारीमागचा काळा धूर सर्वांना दिसतो. परंतु त्याबरोबर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड कोणालाच दिसत नाही. त्याला ना रंग, ना वास. एक लिटर डिझेल वजनाला किलोभरही भरत नाही. पण ते जळाले की अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे कसे घडते? डिझेलमधील कार्बन जळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्याचे वजन या वायूत मिळते.

हा वायू मुळात शत्रू नव्हे. उन्हाने तापलेली पृथ्वी आपली उष्णता आकाशात सोडते, तेव्हा हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड तिचा काही अंश अडवून धरतात. हे पांघरूण नसते, तर पृथ्वीचे सरासरी तपमान शून्याखाली सुमारे १८ अंश राहिले असते. परंतु पांघरूण प्रमाणाबाहेर जाड झाले की उकडू लागते! यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० हून अधिक झाले आहेत. कोळसा व खनिज तेल जाळणे आणि जंगले तोडणे ही याची प्रमुख कारणे होत.

उष्णता वाढल्याने पाऊस का बदलावा? तपमान एका अंशाने वाढले, की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. मग चार दिवसांत पडावा तो पाऊस कधी कधी एकाच दिवशी कोसळतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिवृष्टीचे मोठे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, असे पुण्यातील शास्त्रज्ञांना आढळले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या वेळी उल्हास नदीच्या पुराने कल्याण-बदलापूरचा परिसर बुडाला. २०१९ च्या जुलैमध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांची सुटका करावी लागली. एका दिवसाच्या पावसावरून हवामान बदलले असे ठरत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी पाहाव्या लागतात. मात्र असे प्रसंग वारंवार येऊ लागतात, तेव्हा तो बदलच होय.

पुराचे दुसरे कारण जमिनीवर आहे. भाताची खाचरे पावसाचे पाणी साठवीत आणि हळूहळू जिरवीत. त्यांच्या जागी इमारती व पक्के रस्ते झाले, की तेच पाणी धावत सुटते. त्यातच खाडीला भरती असली, तर त्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. समुद्राची पातळीही वाढत आहे.

शीळफाट्यावरची एक मोटार पूर आणीत नाही. जगातील कोट्यवधी मोटारी, भट्ट्या आणि वीजकेंद्रे मिळून हवा तापवितात. म्हणून उपायही सर्वांनी मिळूनच केला पाहिजे. खाडीकाठची तिवरे चिखलात कार्बन साठवितात आणि भरतीच्या लाटांचा जोर मोडतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ती तिवरे राखणे, ओढेनाले मोकळे ठेवणे आणि इंधन जपून वापरणे ही कामे आजच करावयाची आहेत. कारण हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षे तेथेच राहतो.