मणक्यातील भूल आणि रक्त पातळ करणारी औषधे

मणक्यातील भूल ही कमरेखालचा भाग बधिर करण्याची पद्धत असून गुडघा व खुबा यांच्या सांधेरोपणात ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असल्यास या भुलीनंतर मणक्यांच्या पोकळीत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हा उपद्रव दुर्मिळ आहे. तथापि त्यामुळे पाय कायमचे लुळे पडू शकतात.

पार्श्वभूमी

जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बियर यांनी १८९८ मध्ये ही भूल शस्त्रक्रियेसाठी वापरली. सांधेरोपणानंतर पायांतील खोल नीलांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते व ती फुप्फुसात पोहोचल्यास प्राणावर बेतते. म्हणून हेपॅरिनसारखी औषधे देतात. त्यांनी रक्त प्रत्यक्षात पातळ होत नाही, तर गोठण्याची क्रिया मंदावते.

कारणे

सुई किंवा बारीक नळी घालताना अथवा नळी काढताना लहान नीलांना इजा होऊ शकते. एरवी तेथील रक्त लवकर गोठते. औषधांच्या प्रभावाखाली मात्र ते साचत राहते. हाडांनी वेढलेल्या पोकळीत त्याला पसरण्यास वाव नसल्याने मज्जारज्जू व मज्जातंतूंवर दाब येतो. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एनॉक्सापॅरिनसारख्या औषधांबाबत असा इशारा दिला. नोंदलेल्या रुग्णांत अस्थिशस्त्रक्रिया झालेल्या वृद्ध स्त्रिया बहुसंख्य होत्या.

प्रतिबंध

भुलीपूर्वी सामान्यतः पुढील अंतर राखतात :

* एनॉक्सापॅरिन : प्रतिबंधक मात्रेनंतर १२ तास, उपचारात्मक मात्रेनंतर २४ तास
* वॉर्फरिन : सुमारे ५ दिवस, तसेच रक्त गोठण्याची चाचणी पूर्ववत होणे आवश्यक
* क्लोपिडोग्रेल : ५ ते ७ दिवस
* रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन : सुमारे ७२ तास

केवळ ॲस्पिरिन चालू असल्यास सहसा भूल टाळत नाहीत. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास काही औषधांसाठी अधिक काळ थांबावे लागते. औषध परस्पर बंद केल्यास हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात संभवतो. म्हणून हा निर्णय भूलतज्ज्ञ व उपचार करणारे डॉक्टर मिळून घेतात.

लक्षणे व उपचार

पाठीत तीव्र वेदना, ओसरलेला बधिरपणा परतणे, पायांतील शक्ती जाणे, लघवी वा शौचावरील नियंत्रण सुटणे ही प्रमुख लक्षणे होत. पायांतील अशक्तपणा हा भुलीचाच उरलेला परिणाम समजला गेल्यास निदानास विलंब होतो. एमआरआय तपासणीने निदान होते. लक्षणे दिसू लागल्यापासून सुमारे ८ तासांच्या आत शस्त्रक्रियेने साचलेले रक्त काढून दाब हटवल्यास पायांतील शक्ती परत येण्याची शक्यता अधिक असते.