मंडई भरलेली ३२ पानं

परवा भाचीने विचारलं, "मामा, अख्खी वही भरायची आणि परक्यांना देऊन टाकायची? वेडाय का तू?"

तर गोष्ट 'स्केचबुक प्रोजेक्ट'ची. २००६ साली अमेरिकेत अटलांटाला सुरू झालेला हा उपक्रम २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला गेला. पैसे भरले की घरी कोरी वही यायची: ५ बाय ७ इंच, ३२ पानं. भरून परत पाठवायची, ती तिथल्या वाचनालयात राहायची. आपल्यासारखे हौशी आणि मुरलेले चित्रकार एकाच फळीवर!

मी पुण्याची मंडई घेतली. लिंबांचे ढीग, तराजू, दुपारी पाटीला टेकून पेंगणाऱ्या मावशी.

कागद मात्र पातळ. पहिल्याच पानावर जलरंग लावले आणि टोमॅटोचा लाल थेट मागच्या कोथिंबिरीत उतरला. मग दोन-दोन पानं डिंकाने चिकटवली, जलरंग बाजूला ठेवले, शाईपेन आणि रंगीत पेन्सिली काढल्या. (डिंक पातळच लावा, नाहीतर वही पापडासारखी फुगते.) उरलेला तो लाल डाग तसाच ठेवला. वहीतलं सगळ्यात जिवंत पान तेच आहे.

प्रत्येक वहीला बारकोड असायचा. कुणी ती पाहायला घेतली की चित्रकाराला ईमेल. माझा पहिला आला तेव्हा मी दूध आणायला निघालो होतो, दूध राहिलंच.

२०२२ मध्ये वह्या हलवताना ट्रेलरला आग लागली, हजारो वह्या जळाल्या. म्हणून सांगतो, पाठवण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करा.

मित्रांमध्ये अशी फिरती वही सुरू करायची असेल तर कागद, शाई, काहीही विचारा.