शालेय रंगमंचासाठी नाटकाची निवड : खामगावच्या संदर्भात एक विचार

माध्यमिक शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणते नाटक करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः तो वाङ्मयीन निवडीचा आणि शिक्षणाचा प्रश्न आहे. व्यावसायिक नाटक मंडळी मुख्यतः प्रेक्षकाकडे पाहून नाटक निवडते. शाळेला मात्र प्रथम नटाकडे पाहावे लागते, कारण शालेय प्रयोगाचा खरा लाभ व्हावयाचा तो नटाला, म्हणजे विद्यार्थ्याला. जी वाक्ये महिना-दीड महिना मुलांच्या तोंडी राहतात, ती त्यांच्या भाषेत आणि विचारांतही मुरतात. ती त्यांना न कळताच पाठ झाली, तर प्रयोग यशस्वी होऊनही त्यामागील हेतू विफल होतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली केली. ‘वीरतनय’, ‘मूकनायक’, ‘मतिविकार’, ‘वधूपरीक्षा’ अशी त्यांची नाटके मराठी रंगभूमीच्या इतिहासात महत्त्वाची मानली जातात आणि राम गणेश गडकरी त्यांना गुरुस्थानी मानीत. तेव्हा खामगावच्या शाळेने आपल्या गावाशी नाते असलेल्या या नाटककाराचेच नाटक करावे, असे कोणासही सहज वाटेल. ही भावना आदरणीय आहे. परंतु ती निवडीची कसोटी होऊ शकत नाही.

कोल्हटकरांच्या नाटकांचे जे गुण, तेच शालेय प्रयोगात अडचणी ठरतात. पौराणिक कथेची चौकट सोडून त्यांनी स्वतंत्र, कल्पित आणि गुंतागुंतीची कथानके रचली. त्यामुळे प्रवेश गाळून नाटक आटोपशीर करू गेल्यास कथेचा धागाच तुटतो. पदांसाठी त्यांनी पारशी-गुजराती रंगभूमीवरील चाली घेतल्या. त्या पेलण्यास तयार गळा हवा. संवादांत कोट्यांची रेलचेल आहे, आणि कोटी कळण्यास शब्दाचे दोन्ही अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असावे लागतात. ‘मूकनायका’तील मद्यपानाचा किंवा ‘मतिविकारा’तील विधवाविवाहाचा विषय समजावून देता येईल, पण दर दोन वाक्यांनी अर्थ सांगावा लागला, तर विनोद उरत नाही.

येथे भाषेचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. खामगाव परिसरातील पुष्कळ मुले घरी वऱ्हाडी बोलतात. ‘का’ ऐवजी ‘काहून’ आणि ‘करतो आहे’ ऐवजी ‘करून राहिला’ म्हणणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी हीच मुळी शिकलेली भाषा असते. शंभर वर्षांपूर्वीची संस्कृतप्रचुर नाट्यभाषा त्याहूनही एक पायरी दूर असते. हे अंतर तोडणे अशक्य नाही, परंतु त्याला तालमीचा वेळ द्यावा लागतो. तो नसेल, तर वऱ्हाडी बोलणारी काही पात्रे ज्यात शोभतील असे नाटक घेणे अधिक शहाणपणाचे होय. मात्र बोली केवळ नोकराच्या आणि विदूषकाच्या तोंडी घालणे टाळावे. तसे केल्यास मुले आपल्याच घरच्या भाषेला हसावयास शिकतात.

याउलट गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) पाहावे. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला देऊ करतो, ही कथा एका वाक्यात सांगता येते. भाषा घरगुती आहे. संघर्ष मुलांच्या वयाला जवळचा आहे. बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा १९२९ साली झाला, आणि २००६ साली नवा कायदा करावा लागला. यावरून विषय केवळ इतिहासजमा झालेला नाही, हे उघड आहे. नाटक पाच अंकी असले तरी कथानक सरळ असल्याने त्यातून तासाभराचा संक्षेप काढता येतो. तथापि शारदा जीव देऊ पाहते तो प्रसंग मुलांकडून करून घ्यावा की निवेदनाने सांगावा, याचा निर्णय शिक्षकांनी आधीच विचारपूर्वक केला पाहिजे.

लहान वर्गांसाठी स्वतंत्र बालनाट्याची परंपरा उपलब्ध आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ साली बालरंगभूमीचे कार्य आरंभिले. रत्नाकर मतकरी यांनीही मुलांसाठी सातत्याने नाट्यलेखन केले. अशा नाटकांत पात्रे पुष्कळ आणि भूमिका आटोपशीर असल्याने अधिक मुलांना रंगमंचावर येता येते.

कायद्याची बाजूही निवडीपूर्वीच तपासावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या नाटकावरील हक्क सामान्यतः त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. देवल १९१६ साली आणि कोल्हटकर १९३४ साली वारले. त्यामुळे त्यांच्या अशा कृती आता सर्वांना खुल्या आहेत. आचार्य अत्रे (मृत्यू १९६९) यांच्या कृतींवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत राहील. शिक्षक व विद्यार्थी यांनी संस्थेच्या कार्यक्रमात केलेला प्रयोग, प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक व संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती यांपुरतेच मर्यादित असल्यास, हक्कभंग ठरत नाही. तिकिटे लावून गावाला बोलावले की ही सवलत उरत नाही. आणि हयात लेखकाच्या नाटकात काटछाट करावयाची, तर त्याची संमती घेणे हेच उचित.

मग खामगावच्या शाळेने कोल्हटकरांना विसरावे काय? तसे नाही. त्यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ या विनोदी लेखसंग्रहात सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही तीन पात्रे रूढींची जी थट्टा उडवितात, ती तीन विद्यार्थ्यांच्या नाट्यवाचनास सोयीची आहे. नेपथ्य लागत नाही, पदे लागत नाहीत, आणि संपादनास कायद्याची आडकाठी नाही. अवघड शब्द तालमीत उलगडले, तर त्याच निमित्ताने आपल्या तालुक्यात एके काळी कोण राहून गेले हेही मुलांना कळेल. लेखकाचा गौरव त्याचे सर्वांत प्रसिद्ध नाटक कसेबसे उभे केल्याने होत नाही. त्याचे एखादे पान मुलांनी समजून उच्चारले, तर तो अधिक होतो. शालेय नाटकाच्या निवडीचे हेच प्रमाण मानावयास हवे.