बावीस नंबरचा रस्ता

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली उभ्या राहिलेल्या या गोल बाजारपेठेत ज्या रस्त्यानं शिराल त्याचा व्यापार वेगळा: कुठे सराफ, कुठे चपला, कुठे मिरची आणि गूळ. वेब सर्व्हर समजून घ्यायला लातूरकराला याहून जवळचं उदाहरण सापडणार नाही. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला असे ६५,५३५ क्रमांकांचे रस्ते असू शकतात. त्यांना पोर्ट म्हणतात. आपण एखादी वेबसाइट पाहतो ती ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या रस्त्यानं. ही झाली वाचणाऱ्याची वाट. मजकूर आत नेऊन ठेवणाऱ्याची वाट वेगळी असते, आणि ती कुणाच्या ताब्यात आहे यावर त्या वेबसाइटचं सगळं भवितव्य ठरतं.

नांदेडच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ते स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. परीक्षेचं वेळापत्रक वेबसाइटवर चढलं की किनवटच्या किंवा उदगीरच्या विद्यार्थ्याला चौकशीसाठी एसटीनं यावं लागत नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ नुसार सरकारी कार्यालयांनी आपल्या कारभाराची माहिती कुणी मागण्याआधीच, इंटरनेटसह सर्व मार्गांनी, लोकांपुढे ठेवायची आहे. म्हणजे कार्यालयातल्या संगणकावरची फाइल शेकडो मैलांवरच्या सर्व्हरवर पोचवणं ही नुसती तांत्रिक हमाली नाही, तो लोकांच्या हक्काचा भाग आहे. या कामाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष झालं, असं मला मनापासून वाटतं.

फाइल सर्व्हरवर नेणाऱ्या वाटांपैकी सगळ्यात जुनी वाट एका भारतीयानं आखली. अभय भूषण मूळचे अलाहाबादचे, कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले. पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना १६ एप्रिल १९७१ ला त्यांनी फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉलचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा प्रसिद्ध केला. तेव्हा वेब नव्हतं. ते यायला आणखी वीस वर्षं होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. तोवर एफटीपीनं चोवीस वर्षं नोकरी केली होती.

एफटीपीचं काम दोन रस्त्यांवर चालतं. २१ क्रमांकावर बोलणं होतं: नाव सांगा, पासवर्ड सांगा, कोणती फाइल हवी ते सांगा. प्रत्यक्ष माल मात्र दुसऱ्या जोडणीवरून येतो-जातो. जुन्या पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर आपल्याकडे उलट लावतो, आणि इथेच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणारा माणूस अडकतो. मोबाइल कंपनीच्या जाळ्यात एका पत्त्यामागे असंख्य फोन असतात, त्यामुळे बाहेरून आलेली जोडणी नेमक्या फोनपर्यंत पोचत नाही. लॉगिन होतं, फोल्डरची यादी मात्र येतच नाही. अशा वेळी ‘पॅसिव्ह’ पद्धत निवडावी, म्हणजे दोन्ही जोडण्या आपणच लावतो. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

एफटीपीचा खरा दोष दुसराच आहे. पासवर्ड आणि मजकूर तारेवरून उघडेच जातात. १९७१ च्या जाळ्यात मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या, तिथे विश्वास पुरेसा होता. आज बसस्थानकावरच्या फुकट वायफायवरून एफटीपी वापरणं म्हणजे पासवर्ड चव्हाट्यावर मोठ्यानं वाचून दाखवणं. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं. तरीही स्वस्त होस्टिंग घेतलं की पहिल्या ईमेलमध्ये एफटीपीचाच तपशील येतो, आणि लोक तोच वर्षानुवर्षं वापरतात.

यावरचा उतारा फिनलंडहून आला. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी चोरून पासवर्ड टिपले. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्याच वर्षी सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच, लिहिलं आणि फुकट वाटलं. एफटीपीचा रस्ता २१, दूरच्या संगणकावर काम करण्याच्या जुन्या टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता. युलोनेननी क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला लिहून तो मागून घेतला. आज जगातले बहुतेक सर्व्हर याच बावीस नंबरच्या रस्त्यानं चालवले जातात.

या रस्त्यानं गेलं की सगळं बोलणं कुलूपबंद होतं. दूरचा संगणक समोर बसल्यासारखा हाताळता येतो, आणि त्याच जोडणीतून फायलीही जातात. त्या सोयीला एसएफटीपी म्हणतात. नाव सारखं असलं तरी हे एफटीपीचं भावंड नाही. एफटीपीएस नावाचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे जुन्या एफटीपीवर चढवलेलं कुलूप. होस्टिंगवाल्याला फोन कराल तेव्हा यातलं नेमकं काय मिळतं ते विचारून घ्या. फाइलझिला, विनएससीपी ही साधनं फुकट आहेत: डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर, फाइल ओढली की गेली. २०१८ पासून विंडोज १० मध्ये एसएसएच आधीपासूनच बसवलेलं येतं.

एसएसएचची सर्वांत मोलाची देणगी म्हणजे चाव्यांची जोडी. खासगी चावी आपल्या संगणकावर राहते, सार्वजनिक चावी सर्व्हरवर ठेवायची. लॉगिन करताना खासगी चावी तारेवरून जातच नाही; ती आपल्याकडे असल्याचा गणिती पुरावा तेवढा जातो. संस्थेत तिघं काम करत असतील तर तिघांच्या तीन चाव्या ठेवता येतात. एक जण नोकरी सोडून पुण्याला गेला तर त्याच्या चावीची एक ओळ सर्व्हरवरून पुसायची. सगळ्यांचा एकच पासवर्ड असेल तर तो बदलून उरलेल्यांना पुन्हा कळवत बसावं लागतं, आणि तेवढा व्याप कुणी करत नाही.

आपल्या भागासाठी मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते फायली पाठवणारं आर-सिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार केलं. लाइन मंद असेल तर पुन्हा पुन्हा तेच कशाला पाठवायचं, या विचारातून ते आलं. आर-सिंक फाइलचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याची छोटी गणिती खूण दोन्ही टोकांना जुळवून पाहतं, आणि जिथे खूण जुळत नाही तेवढाच भाग पाठवतं. हिशेब करून पाहा. ६०० मेगाबाइटची फाइल, अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट; सगळं सुरळीत चाललं तरी ४० मिनिटं. पस्तिसाव्या मिनिटाला वीज गेली तर एसएसएचसोबत मिळणारी, फाइल पाठवण्याची साधी एससीपी आज्ञा पुन्हा शून्यापासून सुरू होते. आर-सिंकला अर्धवट आलेला भाग जपायला आधीच सांगून ठेवलं असेल, तर ते त्याचा उपयोग करून पुढचं पाठवतं. आणि दुसऱ्या दिवशी त्या ६०० मेगाबाइटमधला थोडासाच मजकूर बदलला, तर बहुधा तेवढ्याचंच वजन तारेवर पडतं. ज्या गावात पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाची, तिथल्या प्रत्येक संगणक शिक्षकानं हे मुलांना शिकवावं.

अनेकांना यातलं काहीच करावं लागत नाही. नांदेड आणि लातूर जिल्हा प्रशासनाची संकेतस्थळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सामाईक व्यवस्थेवर आहेत. कर्मचारी ब्राउझरमध्ये लॉगिन करून कागद चढवतो, सर्व्हरची काळजी केंद्र घेतं. वर्डप्रेस किंवा सी-पॅनेल वापरणाऱ्या शाळा, पतसंस्था, साप्ताहिकं यांचंही असंच. सोय चांगली, पण तिला मर्यादा आहे. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिलेलं आहे, तिच्या मूळ सेटिंगनुसार २ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल घेतलीच जात नाही, आणि चाळीस पानांची रंगीत स्कॅन केलेली यादी सहज त्याच्या पुढे जाते. मर्यादा वाढवून घ्यावी, नाहीतर ती फाइल एसएफटीपीनं न्यावी.

आता खास मराठीची गोष्ट. फाइलचं नाव देवनागरीत दिलं तर ते सर्व्हरवर चालतं, पण दुवा म्हणून बाहेर पडताना त्याचं रूप पालटतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि दुव्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. त्यामुळे ‘लातूर’ या शब्दाची ४५ आणि ‘नांदेड’ची ५४ अक्षरं होतात. असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जाताना अर्धवट कॉपी होतो आणि उघडत नाही. म्हणून फाइलचं नाव छोटी रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यांतच ठेवावं. शीर्षक पानावर मराठीत छापावं. रोमन लिपीतली मोठी आणि छोटी अक्षरं विंडोज सहसा एकच मानतं, पण लिनक्स सर्व्हर त्यांना वेगळी धरतो. घरच्या संगणकावर उघडणारं चित्र साइटवर दिसेनासं होतं ते पुष्कळदा यामुळेच.

याहून मोठं नुकसान जुन्या फॉन्टांनी केलं आहे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, आत मात्र भलतीच अक्षरं असतात. ती सर्व्हरवर सुखरूप पोचते, पण शोधयंत्राला सापडत नाही आणि अंध वाचकाच्या यंत्राला वाचता येत नाही. लाभार्थ्यांच्या यादीत शेतकऱ्यानं आपलं नाव टाइप करून शोधावं आणि नाव असूनही सापडू नये, हे मला फार लागतं.

फाइल पोचल्यावर तिचे हक्क तपासावेत. साध्या फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ पुरतं: मालकानं लिहावं, इतरांनी वाचावं. काही चालेना म्हणून ७७७ देण्याची सवय जुनी आहे. त्यानं त्या यंत्रावरच्या कुणालाही तिथे लिहिण्याची मुभा मिळते. सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली तर सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. हा नियम कंपन्या आणि सरकारी संस्थांनाही लागू आहे.

साइट बनवून देणारा बाहेरगावचा असला तर डोमेन कुणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे, होस्टिंगचं बिल कुणाच्या नावे येतं आणि बावीस नंबरच्या रस्त्याची चावी कुणाकडे आहे, हे संस्थेच्या दप्तरात लिहून ठेवावं. रोज रात्री आर-सिंकनं सर्व्हरवरची प्रत आपल्या कार्यालयात उतरवून घ्यावी, आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. गोदावरीचं पाणी नांदेडच्या सखल वस्त्यांत किती चढतं हे तिथल्या लोकांना सांगायला नको. मग महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून साइट दुसऱ्या संगणकावर उभी करून पाहावी आणि मागच्या वर्षीचं एखादं परिपत्रक उघडतं का ते बघावं.