घरचा स्टुडिओ : भाग ६ – वाजवून झाल्यावर अँप निवडा

गेल्या आठवड्यात गिटार थेट ऑडिओ इंटरफेसला लावून ड्राय ट्रॅक घेतला. ऐकायला तो किरटा, पोकळ लागतो. लागू द्या. आज तोच ट्रॅक मॉडेलरमधून, म्हणजे अँपची नक्कल करणाऱ्या यंत्रातून, फिरवून पुन्हा रेकॉर्ड करायचा आहे. यालाच री-अँपिंग म्हणतात.

बडोद्याच्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात भिंतीला भिंत लागून घरं. व्हॉल्व्हचा अँप रंगात येईपर्यंत उघडला तर शेजारी दारात उभे राहतील. मॉडेलर हेडफोनवर चालतो, म्हणून इथल्या वादकाला तो सोयीचा. शिवाय चाल आणि आवाज वेगळे काढणं या गावाला नवं नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांनी स्वरलिपीचा आग्रह धरला : चाल कागदावर, गळा ज्याचा त्याचा. ड्राय ट्रॅकमध्ये तर तुमची बोटं, लय आणि चुकासुद्धा शाबूत राहतात, फक्त आवाजाचा पोत नंतर ठरतो.

जोडण्याआधी मॉडेलरची मागची बाजू पाहा. हीलिक्ससारख्या यंत्रांत यूएसबी इंटरफेस आतच असतो. ड्राय ट्रॅक त्या यूएसबीवरून पाठवायचा, मॉडेलरचा इनपुट यूएसबीवर वळवायचा, की काम झालं. वेगळी केबल नको आणि री-अँप बॉक्सही नको. दुकानदार काहीही म्हणो.

ही सोय नसेल तर किमान चार आउटपुटचा इंटरफेस हवा. पहिले दोन स्पीकरला राहू द्या. तिसऱ्यातून मॉडेलरच्या गिटार इनपुटला केबल न्या आणि मॉडेलरचा आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला परत आणा. सॉफ्टवेअरमध्ये ड्राय ट्रॅक फक्त तिसऱ्या आउटपुटवर सोडा. नवा ट्रॅक चुकूनही तिकडे जाता कामा नये, नाहीतर आवाज गोल फिरत राहतो आणि कान फाटतील अशी शिट्टी सुरू होते.

खरी मेख पातळीची आहे, आणि तिच्याकडेच सहसा दुर्लक्ष होतं. व्यावसायिक लाइन पातळी म्हणजे +४ डीबीयू, सुमारे १.२३ व्होल्ट. साध्या पिकअपमधून बहुतेक वेळा याहून बरंच कमी येतं. मॉडेलरमधला नकली अँप खऱ्यासारखाच इनपुटच्या जोरावर फाटतो, म्हणून जास्त सिग्नल दिला की तुमचा लाडका प्रीसेट चिखल होतो. उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा. आधी गिटार थेट मॉडेलरला लावा, ड्राय ट्रॅकमधलाच एखादा तुकडा वाजवा, इनपुटचा मीटर कुठवर जातो ते बघा. मग तोच तुकडा ट्रॅकवरून सोडा आणि तिसऱ्या आउटपुटची पातळी उतरवत मीटर तिथेच आणा. शेवटचा निर्णय कानाचा : हलक्या हाताने छेडल्यावर आवाज स्वच्छ आणि जोर दिल्यावर फाटणारा, दोन्हीकडे सारखा हवा. जमलेली पातळी लिहून ठेवा.

घूं असा आवाज येऊ लागला तर तो बहुधा अर्थिंगचा. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही जात नसेल तरच बॉक्स घ्या. गिटारवादक जो सॅट्रियानीबरोबर काम करणाऱ्या जॉन क्युनिबर्टीने १९९०च्या दशकात बाजारात आणलेल्या त्या डबीतला ट्रान्सफॉर्मर सिग्नलची पातळी उतरवतो आणि अर्थिंग तोडतो. खऱ्या अँपला ती जवळजवळ लागतेच, मॉडेलरला क्वचित.

दोन्हीकडे एस/पीडिफ ही डिजिटल जोडणी असेल तर केबलमधल्या घुंघुंचा प्रश्नच उरत नाही. मात्र घड्याळ (क्लॉक) एकाचंच चालवा आणि दुसऱ्याला त्याच्या मागे ठेवा. सॅम्पल रेट दोन्हीकडे एकच, नाहीतर मधूनमधून टिकटिक ऐकू येते.

नवा ट्रॅक फिरून आल्यामुळे काही मिलिसेकंद उशिरा पडतो. एखादा तुटक झटका मोठा करून बघा आणि नवा ट्रॅक तेवढा डावीकडे सरकवा, विशेषतः ड्राय आणि नवा ट्रॅक एकत्र वाजवणार असाल तर.