कर्ज बुडेल का, चाचणी होईल का: अंदाज कसा बांधतात

२०२१ संपता संपता ‘श्रीलंकेचं काही खरं नाही’ असं बरेच जण म्हणत होते. पण याला अंदाज म्हणता येत नाही. अंदाज बांधणारा आधी प्रश्न पक्का करतो: ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत श्रीलंका परकी रोख्यांवरचा एखादा हप्ता सवलतीची मुदत उलटूनही थकवेल का? तारीख हवी, आणि ‘बुडालं’ कशाला म्हणायचं तेही आधीच ठरायला हवं. नाहीतर मागाहून ‘मी म्हटलंच होतं’ म्हणायला सगळेच मोकळे.

मग पूर्वानुभव. श्रीलंकेने तोवर परकं कर्ज कधी बुडवलं नव्हतं. तेवढंच पाहिलं तर उत्तर शून्य येतं. म्हणून पाहायचे ते त्याच अवस्थेतले इतर देश: गंगाजळी आटलेली, डॉलरमधले हप्ते तोंडावर आणि नवं कर्ज द्यायला बाजारात कोणी तयार नाही. त्यानंतर हिशेब. २०१९ अखेर श्रीलंकेकडे सुमारे ७६० कोटी डॉलर होते. त्याच सुमारास करकपात झाली, पाठोपाठ कोविडने पर्यटन बसवलं. मार्च २०२२ अखेर उरले सुमारे १९० कोटी. त्यातले दीडशे कोटींच्या आसपास चीनशी झालेल्या चलन-अदलाबदलीचे, अटींमुळे हात न लावता येणारे. आणि जुलैत १०० कोटींचा रोखा फेडायचा होता.

गंगाजळी अशी आटत असूनही २०२२ च्या जानेवारीत देशाने ५० कोटींचा रोखा वेळेवर फेडला! मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर काब्राल फेडण्यावर ठाम होते. एप्रिलच्या सुरुवातीला ते पायउतार झाले, वीरसिंघे आले आणि १२ एप्रिलला परकी कर्जफेड थांबवल्याची घोषणा झाली. माझ्या मते खरी मेख इथे आहे. आकडे ऐपत सांगतात, निर्णय मात्र खुर्चीवरचा माणूस घेतो. ती खुर्ची हलली त्या दिवशी टक्केवारी वर न्यायला हवी होती.

कर्जाच्या बाबतीत बाजारही मदतीला येतो. कर्जबुडीचा विमा मिळतो, त्याला क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप म्हणतात. शंभराच्या रोख्यावर वर्षाला ६ हप्ता असेल आणि बुडालं तरी ४० परत मिळतील असं धरलं, तर नुकसान ६०. सहा भागिले साठ, म्हणजे वर्षाला १० टक्के शक्यता. प्रत्यक्षात थोडी कमीच धरावी. विमा विकणारा आपल्या धास्तीचेही पैसे लावतो.

अणुचाचणीला असा बाजार नाही. उत्तर कोरियाने २००६, २००९, २०१३, २०१६ (दोनदा) आणि २०१७ मध्ये चाचण्या केल्या. २००६ ते २०२१ या सोळा वर्षांपैकी पाच वर्षं चाचणीची, म्हणजे साधारण ३० टक्के. २०२२ मध्ये पुंग्ये-री इथल्या बोगद्याची डागडुजी उपग्रहांना दिसली, तयारी झाल्याचं अमेरिका आणि दक्षिण कोरिया सांगू लागले. टक्केवारी वाढवणं योग्यच होतं, पण किती? चाचणी झाली नाही. तयारी ही ऐपत. इथेही निर्णय वेगळा.

पोखरणला उलटं घडलं. १९९५ मध्ये तयारी उपग्रहांनी टिपली आणि अमेरिकेच्या दबावाखाली चाचणी राहिली. १९९८ मध्ये काम रात्री आणि झाकून झालं. ११ मेचे स्फोट सीआयएला आधी कळले नाहीत. मात्र अण्वस्त्रांचा पर्याय वापरण्याची भाषा भाजपच्या जाहीरनाम्यात छापून आली होती.

शेवटी गुण. हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये दिलेली रीत सोपी आहे: सांगितलेली शक्यता वजा घडलेलं (झालं तर १, नाही तर ०), त्याचा वर्ग. २०२२ मध्ये कोरियाची चाचणी होण्याची शक्यता ८० टक्के म्हणणाऱ्याच्या खाती ०.६४ जमा झाले, ४० टक्केवाल्याच्या ०.१६. इथे कमी ते चांगलं. एखाद्या प्रश्नात नशीबही साथ देतं, म्हणून बऱ्याच प्रश्नांची सरासरी काढून मगच कोणाचा अंदाज जास्त भरवशाचा ते ठरवतात.