औक्षवंत व्हा, पण किती?

2014 च्या ऑक्टोबरमध्ये ‘द अटलांटिक’ या अमेरिकी मासिकात इझिकिएल इमॅन्युएल यांनी लिहिलं, की आपल्याला पंचाहत्तरीत मरण यावं. गृहस्थ कर्करोगतज्ज्ञ, ओबामा सरकारचे आरोग्यविषयक सल्लागार राहिलेले. वय तेव्हा 57. जीव देण्याचा त्यांचा विचार नव्हता, इच्छामरणाच्या कायद्याला तर त्यांचा विरोधच. म्हणणं एवढंच, की पंचाहत्तरीनंतर केवळ आयुष्य वाढावं म्हणून काही करून घ्यायचं नाही. कर्करोगाच्या चाचण्या नकोत, पेसमेकर नको, फ्लूची लससुद्धा नको. दुखणं कमी करणारे उपचार तेवढे चालतील. त्यांनी जिथे रेघ ओढली, तिथे आपल्याकडे मांडव पडतो. पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव आणि ऐंशी उलटली, हजार पौर्णिमा झाल्या, की सहस्रचंद्रदर्शन. धोंडो केशव कर्व्यांना भारतरत्न मिळालं तेच शंभरी गाठली त्या वर्षी, 1958 मध्ये. पुढे आणखी चार वर्षं ते होते.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीच्या घरात आहे. म्हणून आपले पणजोबा बत्तिशीत म्हातारे होत असं नाही. पाळण्यातच गेलेली पोरं त्या सरासरीला खाली ओढत. बालपण निभावलं की नातवंडं पाहणारेही होतेच. जागतिक आरोग्य संघटना ‘निरोगी आयुर्मान’ असा वेगळा हिशेब ठेवते. तो भारतात साठीच्या आसपास येतो. मधली दहाएक वर्षं म्हणजे शेवटचं अंथरूण, असं मात्र समजू नये. आयुष्यभरातल्या सगळ्या दुखण्यांची ती बेरीज असते. स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज यांनी 1980 मध्ये मांडलं होतं, की आयुष्य लांबवण्यापेक्षा आजारपण शेवटच्या थोड्या काळात आटोपेल असं पाहावं. आपल्या आज्या हेच ‘चालता-बोलता जावं’ अशा तीन शब्दांत देवाकडे मागत आल्या आहेत.

आमच्या वसाहतीतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर हा विषय काढून पाहिला. आकडा कुणीच सांगेना. एक काका म्हणाले, “जिना उतरता येतोय तोवर.” दुसऱ्यांना ब्यूरोची बाई ठेवायची वेळ यायला नको होती. बारा-बारा तासांच्या दोन मावशी, त्यांची दांडी, त्यांचा चहा, त्यांच्यावर लक्ष ठेवायला पुन्हा सून घरात! पलीकडच्या बाकावरून एक आजी ठसक्यात म्हणाल्या, “माझं मला धुता येतंय तोवर. पुढचं नको.” सगळे हसले, पण कुणी खोडून काढलं नाही.

अट मात्र सरकत जाते, हेही तिथेच दिसतं. जिन्याची अट घालणारे काका गुडघ्यांपायी लिफ्टच्या इमारतीत राहायला आले आहेत. सत्तरीत ‘ऐंशी म्हणजे डोक्यावरून पाणी’ म्हणणाऱ्यांनी परवा मोतीबिंदू काढून घेतला आणि कानाच्या यंत्राची चौकशीही करून आले. इमॅन्युएल यांना ही तडजोडच खटकते. माणूस आपलं जग आक्रसून घेतो आणि त्यालाच समाधान म्हणतो, असा त्यांचा रोख आहे. मला ती तडजोड शहाणपणाची वाटते. 57 वर्षांच्या माणसाने पंचाहत्तरीतल्या स्वतःसाठी नियम करणं, हे मला जरा उद्धटपणाचंच वाटतं.

हातपाय चालते राहण्याबद्दल एक जाता जाता. रिओ दि जानेरोच्या क्लाउदिओ अराउजो यांनी 51 ते 80 वयाच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसायला आणि उठायला लावलं. हात-गुडघा टेकावा लागला की गुण कापायचे. 2012 मध्ये निष्कर्ष आला, की कमी गुणवाल्यांत पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त. पंगतीचे पाट आपण माळ्यावर टाकले आणि डायनिंग टेबल आणलं, ते काही फार फायद्याचं झालं नाही.

विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं आणि ऐन दिवाळीत, 15 तारखेला देह ठेवला. ते आश्रमात होते आणि शुद्धीवर होते. आज हा निर्णय बहुधा आयसीयूच्या दाराशी, अपरात्री, व्हेंटिलेटरच्या संमतीपत्रावर सही करणाऱ्या मुलाच्या गळ्यात पडतो. हा निर्णय आधीच स्वतः घेऊन ठेवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात करून दिली: बरं होण्याची आशा नसेल तर कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. सुरुवातीला दंडाधिकाऱ्याची सही लागे, म्हणून त्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. प्रत्यक्ष वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं पाहणी करतात, तेव्हाच उपचार थांबतात. कागदाची प्रत महापालिकेने किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. मुंबईचे डॉ. निखिल दातार यासाठी उच्च न्यायालयात गेले, त्यानंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले.

आपल्या वतीने कुणी बोलायचं, ते नाव या कागदावर लिहावं लागतं. आता एकाहून जास्त नावं चालतात, ही तरतूद कट्ट्यावर सर्वांना पसंत पडली. मुलगा की मुलगी हा पेच तेवढ्यापुरता टळला.